वस्तीचे ऋण आणि विद्यापीठाचा हिशेब

मुंबई उपनगर जिल्ह्यात अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत महाविद्यालयांची जी दाट रांग उभी आहे, तिच्यातील बहुतेक संस्थांपासून हाकेच्या अंतरावर एखादी तरी वस्ती असते, आणि त्या वस्तीशी संस्थेचा काही ना काही व्यवहार वर्षभर चालू असतो. राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी तिथे शिबिर घेतात, समाजकार्याचे विद्यार्थी क्षेत्रकार्यासाठी, म्हणजे प्रत्यक्ष लोकांमध्ये राहून करावयाच्या शिक्षणासाठी, आठवड्यातले ठरलेले दिवस जातात, बालविकासाच्या विद्यार्थिनी बालवाडीत निरीक्षणे नोंदवतात आणि संशोधक घरोघर प्रश्नावली भरून घेतात. या साऱ्याला अलीकडे ‘भागीदारी’ म्हणण्याची प्रथा पडली आहे. भागीदारीत मात्र दोन्ही पक्षांचे भांडवल असते आणि दोघांनाही हिशेब मागण्याचा अधिकार असतो. तसा अधिकार गोवंडीतील एखाद्या मातेला आपल्या दारी येऊन गेलेल्या विद्यापीठाविरुद्ध आहे काय, असा प्रश्न विचारला की या नावामागे दडलेला तात्त्विक पेच उघड होतो. मुलांसाठी आणि कुटुंबांसाठी विद्यापीठ जे करते ते दान आहे, सेवा आहे, ऋणाची फेड आहे की मैत्री आहे, हे ठरल्याशिवाय त्या कामाचे यश कशावरून मोजावयाचे हेही ठरत नाही.

विद्यापीठाने वस्तीत जाऊन राहावे ही कल्पना मुंबईत आली ती धर्माच्या वाटेने. १८८४ साली सॅम्युअल बार्नेट या इंग्रज धर्मगुरूंनी लंडनच्या पूर्व भागातील गरीब वस्तीत टॉयन्बी हॉल उभारले आणि ऑक्सफर्ड व केंब्रिज येथील तरुणांना कष्टकऱ्यांच्या शेजारी राहावयास बोलावले. १८८९ साली शिकागोत जेन ॲडम्स आणि एलन स्टार यांनी त्याच धर्तीवर हल हाउस सुरू केले, आणि शिकागो विद्यापीठात शिकलेले क्लिफर्ड मॅन्शार्ट हे अमेरिकन मराठी मिशनचे कार्यकर्ते ती कल्पना घेऊन मुंबईस आले. १९२०च्या दशकात त्यांनी नागपाड्यात ‘नेबरहुड हाउस’ चालविले. त्याच वास्तूत १९३६ साली सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क ही संस्था भरू लागली, आणि पुढच्याच वर्षी तिने बालमार्गदर्शन केंद्र, म्हणजे मुलांच्या मानसिक व वर्तनविषयक अडचणींवर पालकांसह उपाय शोधणारे केंद्र, सुरू केले. वर्ग आणि वस्तीतले काम यांचा जन्म अशा रीतीने जवळजवळ एकाच वेळी झाला, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. १९४४ साली संस्थेला टाटा समाजविज्ञान संस्था हे नाव मिळाले, १९५४ साली ती उपनगरात देवनारला आली आणि १९६४ साली अभिमत विद्यापीठ ठरली.

देवनारचा परिसर ओसाड मात्र नव्हता. शहराचा कचरा तिथे १९२७ पासून पडत होता. १९७१ साली वांद्र्याचा कत्तलखाना तिथे हलविण्यात आला. आणि १९७६ साली, आणीबाणीच्या काळात, अणुसंशोधन केंद्राजवळची जनता कॉलनी पाडून तिच्यातील हजारो कुटुंबांना चीता कॅम्पमध्ये नेऊन बसविण्यात आले. संस्था देवनारला आली ती मोकळी जागा हवी होती म्हणून. वस्ती आली ती दुसरीकडे जागा उरली नव्हती म्हणून. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात महापालिकेच्या एम-पूर्व विभागाचा, म्हणजे याच परिसराचा, मानव विकास निर्देशांक ०.०५ इतका, शहरात सर्वांत कमी, नोंदला गेला. २०११ साली अमृतमहोत्सवी वर्षात टाटा संस्थेने या विभागाच्या परिवर्तनाचा प्रकल्प हाती घेतला, तेव्हा कुंपणाबाहेरचे हे वास्तव अर्धशतकाहून जुने झाले होते.

नागपाड्याच्या त्या घराच्या नावात ‘शेजार’ होता, आणि त्यामागे ख्रिस्ती परंपरेतील एक प्रसिद्ध दृष्टान्त उभा होता. वाटेवर जखमी होऊन पडलेल्या माणसाला पुरोहित टाळून जातो आणि परक्या मानल्या गेलेल्या समाजातील एक शोमरोनी उचलून घेतो, अशी ती कथा आहे. तिचा तात्त्विक डाव असा की, ‘शेजारी कोणाला म्हणावे’ या प्रश्नाची दिशाच ती उलटवते: समोरचा मनुष्य शेजारी या व्याख्येत बसतो की नाही हे तपासत बसण्याऐवजी, आपण त्याचे शेजारी झालो की नाही हे विचारावयास लावते. शेजार ही या दृष्टीने भूगोलाची गोष्ट राहत नाही, ती कृतीने सिद्ध करावी लागते. कथेतली एक उणीव मात्र विद्यापीठाच्या संदर्भात टोचते, ती ही की जखमी माणूस तिच्यात अखेरपर्यंत एक शब्दही बोलत नाही.

दानाच्या भारतीय विचारातही हीच मेख आहे. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे सात्त्विक, राजस आणि तामस असे तीन प्रकार सांगितले आहेत, आणि परतफेडीची अपेक्षा न ठेवता योग्य देश, काळ व पात्र पाहून दिलेले दान सात्त्विक मानले आहे. विद्यापीठाच्या कामाला हे निकष लावले तर बरीच गैरसोयीची उत्तरे हाती येतात. शिबिराच्या बदल्यात विद्यार्थ्याला प्रमाणपत्र हवे असते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर समाजसंपर्काच्या कामाला श्रेयांक, म्हणजे पदवीसाठी मोजले जाणारे गुणभार, मिळतात. प्राध्यापकाला शोधनिबंध हवा असतो आणि संस्थेला मूल्यांकनात वरचे स्थान. ही अपेक्षा पापमय आहे असे नव्हे, परंतु ती असताना त्या कृतीला दान म्हणणे हा आत्मगौरव आहे. दानाच्या कल्पनेत ‘पात्र’ कोण हे ठरविण्याचा अधिकारही दात्याकडेच राहतो, आणि कोणत्या वस्तीत बालवाडी हवी हे विद्यापीठाच्या समितीने ठरवावे हा शिरस्ता त्याच अधिकाराचा वारसा आहे. विनोबांनी १९५१ पासूनच्या भूदान चळवळीत दानाचा अर्थ समान विभागणी असा लावून दात्याची ही उंची कमी करण्याचा प्रयत्न केला. इस्लामी परंपरा याबाबतीत आणखी स्पष्ट आहे: संपन्न माणसाच्या मालमत्तेत वंचिताचा ठरलेला हक्क असतो, असे कुराण मानते, आणि म्हणून देणारा उपकार करत नसून दुसऱ्याचे त्याला पोचते करत असतो. गोवंडीच्या शिवाजीनगर-बैंगनवाडीतील कितीतरी घरांत हक्काची ही कल्पना धर्माच्या रोजच्या भाषेत वावरत असताना विद्यापीठाने तिथे उपकाराची भाषा घेऊन जावे, यात अज्ञानाचा भाग मोठा आहे.

हक्काच्या जवळची, पण कर्त्याच्या बाजूने उभी राहणारी कल्पना ऋणाची आहे, आणि या लेखाचा भर तिच्यावर आहे. वैदिक वाङ्मयात मनुष्य ऋण घेऊनच जन्मतो असा विचार आढळतो. तैत्तिरीय संहितेत अशी तीन ऋणे सांगितली आहेत: ऋषींचे ऋण अध्ययनाने, देवांचे यज्ञाने आणि पितरांचे संततीने फिटते. या मांडणीत कोणतेही ऋण ज्याचे आहे त्याच्या हाती परत जात नाही, हे तिचे वैशिष्ट्य क्वचितच कोणी ध्यानात घेते. ऋषी मागे होऊन गेला, म्हणून त्याचे ऋण पुढच्या शिष्याला शिकवून फेडावयाचे. पितर गेले, म्हणून त्यांचे ऋण अपत्याला वाढवून फेडावयाचे. फेड पुढे सरकते. आधुनिक काळात रूढ झालेली ‘समाजऋण’ ही कल्पना याच घडणीची आहे, आणि विद्यापीठांना ती फार सोयीची वाटते. कारण मानखुर्दच्या शंभर घरांतून घेतलेल्या माहितीचे ऋण पुढच्या पिढीच्या विद्यार्थ्यांना शिकवून, परदेशातील परिषदेत निबंध वाचून किंवा दुसऱ्याच एखाद्या शहरातील मुलांच्या भल्यासाठी धोरण सुचवून फेडल्याचे समाधान तिच्यात मिळते.

या समाधानात तथ्य अजिबात नाही असे म्हणता येणार नाही, कारण एका वस्तीतले ज्ञान दुसऱ्या ठिकाणच्या मुलांना तारते हे खरेच आहे. परंतु शतपथ ब्राह्मणात ऋणांची संख्या चार दिली आहे, आणि चौथे ऋण मनुष्यांचे आहे. ते कसे फिटते? दारी आलेल्या माणसाला निवारा आणि अन्न दिल्याने. पहिल्या तीन ऋणांतील धनको दृष्टीआड आहेत. चौथ्यातला समोर उभा आहे, म्हणून त्याची फेड दुसऱ्या कोणाच्या नावावर टाकता येत नाही. पुढच्याला देऊन मागच्याचे ऋण फेडण्याची सवलत ज्याच्यापर्यंत पोचता येत नाही अशा धनकोपुरतीच आहे. ज्याचे देणे आहे तो घाटकोपर-मानखुर्द जोडरस्त्याच्या पलीकडच्या गल्लीत राहत असताना भावी पिढ्यांकडे बोट दाखविणे ही फेड नव्हे, चुकवेगिरी आहे.

इथे दोन अडचणी नोंदविणे प्रामाणिकपणाचे ठरेल. पहिली अशी की, तैत्तिरीय संहितेतील ऋणाचा सिद्धान्त ब्राह्मणाविषयी सांगितला आहे, आणि अध्ययनाने ऋषिऋण फेडण्याची वाट ज्यांना शतकानुशतके बंद ठेवली गेली त्यांचेच वंशज आज उपनगरांतल्या वस्त्यांत मोठ्या संख्येने राहतात. जोतीराव फुले आणि बाबासाहेब आंबेडकर यांच्या लेखनानंतर ही कल्पना जशीच्या तशी उचलता येत नाही; उचलावयाची तर उलटी करून, म्हणजे ज्ञानापासून दूर ठेवलेल्यांना धनको आणि ज्ञानसंस्थेला ऋणको मानून, उचलावी लागते. दुसरी अडचण अधिक मजेदार आहे. चौथे ऋण निवारा आणि अन्न देऊन फिटते असे मानले, तर वस्ती आणि विद्यापीठ यांच्यात आतिथ्य कोणी केले? बालवाडीला खोली लागते, आणि ती बहुधा वस्तीच देते: कुठे बुद्धविहार, कुठे मंदिराचा मंडप, कुठे मदरशाची खोली, कुठे एखाद्या बाईचे स्वतःचे दहा बाय बाराचे घर. प्रश्नावली घेऊन आलेल्या विद्यार्थिनीला चहा तिथेच मिळतो. मनुष्यऋण फेडण्यात वस्ती विद्यापीठाच्या पुढे आहे, आणि ज्याला सेवा म्हटले जाते तिची सुरुवात पाहुणचार घेण्याने होते.

विद्वानांच्या संस्थेने शेजाऱ्यांच्या अन्नावर जगावे, ही स्थिती उपनगराला नवी नाही. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील कान्हेरीच्या शंभराहून अधिक लेण्यांत इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या सुमारापासून जवळजवळ हजार वर्षे भिक्षुसंघाचा वावर होता, आणि त्या संघाचा निर्वाह भोवतालची गावे आणि कल्याण, सोपारा यांसारखी व्यापारी नगरे यांच्या देणग्यांवर चालत होता. तिथल्या शिलालेखांत व्यापाऱ्यांची नावे आहेत, भिक्षुणींची आहेत, पाण्याची टाकी खोदून देणाऱ्या कल्याणच्या एका सोनाराचेही आहे. काही लेखांत ‘अक्षयनीवी’चा, म्हणजे मुद्दलाला कधीही हात न लावता फक्त व्याजातून चीवरे आणि इतर गरजा भागविण्याच्या कायम ठेवीचा, उल्लेख येतो. देणाऱ्याचे नाव दगडात कोरलेले असल्याने, ज्याचे पाणी प्यायचे त्याचे नाव भिक्षूच्या नजरेआड होत नसे, आणि भिक्षाटनाच्या नियमामुळे देणाऱ्याचे तोंड तर दररोज सकाळी पाहावे लागे. आजच्या विद्यापीठावर दात्यांची नावे असतात ती मोठ्या रकमांची. १९२० साली विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाख रुपयांची देणगी दिली आणि धोंडो केशव कर्वे यांच्या महिला विद्यापीठाला त्यांच्या मातोश्रींचे नाव मिळाले, ते योग्यच झाले. माहिती देणाऱ्या बाईचे नाव मात्र प्रबंधात गुप्ततेच्या नियमाने पुसले जाते. हा नियम तिच्या रक्षणासाठी आहे आणि तो मोडू नये. परंतु नाव पुसले की देणेही पुसले जाते असा समज त्याच्या आडून पसरतो, तेवढा मोडावयास हवा.

भिक्षेवर जगणाऱ्याचे देणे किती, याचा सूक्ष्म विचार पाचव्या शतकातील आचार्य बुद्धघोष यांनी ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथात केला आहे, ज्याच्या संपादनासाठी धर्मानंद कोसंबी यांनी हार्वर्ड विद्यापीठात बराच काळ वेचला. (कान्हेरीच्या लेखांत भद्रायनीय या वेगळ्या निकायाचे नाव येते, तेव्हा तिथले सर्व भिक्षू बुद्धघोषांच्या परंपरेतले मानावयाचे कारण नाही, विचार मात्र संघजीवनाच्या एकाच प्रश्नातून आलेला आहे.) बुद्धघोष दानातून मिळालेल्या वस्तूंच्या वापराचे, म्हणजे ‘परिभोगा’चे, चार प्रकार करतात. शीलभ्रष्टाने संघात बसून केलेला वापर ही चोरी होय. शीलवान असूनही ती वस्तू कशासाठी आहे याचे भान न ठेवता केलेला वापर हे ऋण होय. साधनेच्या मार्गावर स्थिर झालेल्यांचा वापर हा वारसा होय. आणि अर्हतांचा, म्हणजे पूर्ण मुक्तांचा, वापर तेवढा स्वामित्वाचा होय.

या चौकटीत संशोधनाला बसवून पाहिले तर नीतिसमित्यांच्या छापील अर्जांत न सापडणारा एक भेद हाती लागतो. खोटी माहिती रचणारा किंवा संमतीविना मुलांची छायाचित्रे वापरणारा संशोधक पहिल्या प्रकारात जातो, आणि त्याच्याविषयी वाद नाही. विद्यापीठांतील बहुसंख्य माणसे सज्जन असतात, नियम पाळतात, संमतिपत्रावर सही किंवा अंगठा घेतात, आणि तरीही दुसऱ्या प्रकारात मोडतात. कारण ही माहिती कोणाच्या वेळेतून, कोणाच्या अपमानाच्या आठवणीतून, कोणाच्या मेलेल्या बाळाच्या कहाणीतून आली याचे भान संगणकाच्या तक्त्यापर्यंत पोचेतो हरवलेले असते. बुद्धघोषांच्या मते सज्जनपणाने ऋण टळत नाही, ते भानाने टळते. वापराच्या प्रत्येक वेळी हे स्मरण करावे असा भिक्षूला नियम होता. विद्यापीठात ते फार तर प्रबंधाच्या ऋणनिर्देशात एकदा होते.

देण्याचा हा हिशेब एका प्रत्यक्ष प्रयोगात पाहता येतो. १९९९ साली शीवच्या महापालिका रुग्णालयातील नवजात शिशुतज्ज्ञ डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी स्थापन केलेल्या ‘स्नेहा’ या संस्थेने लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या साहाय्याने मुंबईच्या वस्त्यांत एक मोठा प्रयोग केला. अंधेरी पश्चिम, मालाड आणि गोवंडी-मानखुर्द यांसह सहा विभागांतील ४८ वस्तीसमूह निवडण्यात आले. त्यांतील २४ समूहांत स्थानिक स्त्रियांचे गट बांधून गरोदरपण आणि नवजात बालकाची काळजी यांवर नियमित बैठका घेतल्या गेल्या, उरलेल्या २४ समूहांत तुलनेसाठी फक्त जन्ममृत्यूंची नोंद ठेवली गेली, आणि ही नोंद त्या त्या वस्तीतील बायकांनीच जमविली. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार बैठकांमुळे नवजात बालकांचे मृत्यू कमी झाल्याचे आढळले नाही. नकारात्मक निष्कर्ष जसाच्या तसा छापणे हे ऋषिऋणाची फेड करण्याचे उत्तम उदाहरण आहे, कारण ज्ञानपरंपरेला सर्वांत आधी सत्य हवे असते. मनुष्यऋणाचा हिशेब अशा प्रत्येक प्रयोगात वेगळा मांडावा लागतो. बैठकांना बसलेल्या बाईला आपल्या दोन-तीन वर्षांच्या बसण्याचा निष्कर्ष आपल्या भाषेत ऐकण्याचा अधिकार आहे, आणि तुलनेच्या बाजूला पडलेल्या बाईला तर तो अधिक आहे, कारण तिने दिले, पण घेतले काहीच नाही. इंग्रजी नियतकालिकातील निबंध दोघींपर्यंत पोचत नाही.

ज्ञानाच्या बाजारात दुसऱ्या टोकाला ‘बालसखी’ आहे. १९९०च्या दशकाच्या मध्यावर मुंबईत ‘प्रथम’ ही संस्था उभी राहिली, तेव्हा तिच्या आरंभी रसायनशास्त्राचे प्राध्यापक माधव चव्हाण आणि निर्मला निकेतन समाजकार्य महाविद्यालयातील फरीदा लांबे होत्या. विद्यापीठातली माणसे वस्तीत जाऊन कायमची गुंतल्याचे याहून ठळक उदाहरण या शहरात क्वचितच सापडेल. महापालिका शाळांतील तिसरी-चौथीच्या मागे पडलेल्या मुलांना वेगळे घेऊन शिकविण्यासाठी वस्तीतल्याच तरुणी नेमल्या गेल्या, त्या बालसख्या. २००१ पासून अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबई व बडोदा येथे या उपक्रमाची शास्त्रीय चाचणी घेतली. मुलांची प्रगती स्पष्ट दिसली, २००७ साली निबंध प्रसिद्ध झाला, आणि २०१९ साली बॅनर्जी, डुफ्लो व मायकेल क्रेमर यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, त्यामागच्या कामांत या अभ्यासाची गणना होते. बालसखीला त्या वेळी महिना ५०० ते ७५० रुपये मिळत. उपक्रम स्वस्त असल्यामुळेच तो सर्वत्र नेता येतो, असा त्या रकमेचा गौरव झाला, आणि अर्थशास्त्राच्या दृष्टीने तो चुकीचा नाही. नीतिशास्त्राच्या दृष्टीने मात्र स्वस्ताई ही कोणीतरी सोसलेली असते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या आदिवासी पाड्यांत मुलांच्या अंगणात शाळा नेली, त्या प्रयोगाची ‘अंगणवाडी’ १९७५ साली एकात्मिक बालविकास योजनेतून देशभर पोचली. तिथल्या सेविकेलाही पगार नव्हे, मानधन मिळते. विद्यापीठ आणि वस्ती यांच्या भागीदारीत संशोधकाला वेतन, विद्यार्थ्याला श्रेयांक आणि वस्तीतल्या स्त्रीला मानधन, ही वाटणी इतकी अंगवळणी पडली आहे की ती कोणी ठरविली हे आता कोणी विचारत नाही. फेडीचा पहिला हप्ता इथे द्यावयास हवा.

आतापर्यंत धनको म्हणून प्रौढ माणूस गृहीत धरला आहे. मूल धनको झाले की ऋणाचे सारे गणित बिघडते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पालकांच्या संमतीखेरीज सात वर्षांवरील मुलाचा तोंडी आणि बारा वर्षांवरील मुलाचा लेखी होकार घ्यावा लागतो. सात वर्षांखालच्या मुलाला होकार-नकाराचा अधिकारच नाही, आणि बालवाडीचे सारे विश्व तर त्या वयातले आहे. त्याच्या वतीने आई सही करते, पण आईचे हित आणि मुलाचे हित एकच असते असे धरून चालणे हा सोयीचा समज आहे. कर्जाचा एक सामान्य गुण असा की ते उशिरा फेडले तरी व्याजासह फिटते. मुलाचे ऋण तसे फिटत नाही. तिसऱ्या वर्षी जे हवे होते ते नवव्या वर्षी दिले तर ते दिलेच नाही असे होते. विद्यापीठाचा काळ सत्रांनी, अनुदानाच्या तीन वर्षांच्या मुदतींनी आणि निबंधाच्या प्रकाशनाने मोजला जातो. पहिल्या सर्वेक्षणात कडेवर असलेले मूल अहवाल छापून येईतो शाळेत जाऊ लागलेले असते. क्षेत्रकार्याचा विद्यार्थी जूनमध्ये येतो आणि मार्चमध्ये जातो. दरवर्षी एक नवी ताई येते, नाव विचारते, चित्रे काढावयास देते, आणि परीक्षा जवळ आल्या की दिसेनाशी होते. विद्यार्थ्याच्या दृष्टीने तो प्रशिक्षणाचा एक टप्पा असतो. चार वर्षांच्या मुलाच्या दृष्टीने, माणसे अशीच जातात, हे शिक्षण असते.

कांटने कोणाही माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये असा दंडक घातला, आणि संशोधननीतीचे बहुतेक नियम त्याच पायावर उभे आहेत. त्या दंडकात साधन म्हणून वापरण्याला सरसकट बंदी नाही. प्रत्येक शिकाऊ डॉक्टर कोणातरी रुग्णावर शिकतोच, आणि शिकाऊ समाजसेवक कोणातरी मुलावर. अपेक्षा एवढीच आहे की त्याच वेळी त्या मुलाचे स्वतःचे साध्यही कोणाच्या तरी नजरेत असावे. म्हणून विद्यार्थी बदलले तरी वस्तीत बदलत नाही असा एक माणूस, एक खोली आणि एक वेळापत्रक असणे ही व्यवस्थापनाची बाब वाटली तरी मुळात ती नीतीची अट आहे.

ऋणाची भाषा अखेरपर्यंत पुरते काय, हा प्रश्न उरतोच. ऋण फिटावे लागते, आणि आपल्या परंपरेला न संपणारे कर्ज कधीच मान्य नव्हते. थकलेले व्याज मुद्दलाहून जास्त होऊ देऊ नये असे सांगणारा दामदुपटीचा नियम मुंबई इलाख्यातील न्यायालये हिंदूंच्या बाबतीत लावत असत. फिटल्यावर मात्र नाते तुटते, आणि मुलांच्या बाबतीत तुटलेपणाच तर नको आहे. बाबासाहेब आंबेडकर यांच्या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथात करुणा पुरेशी नाही, मैत्री हवी, असा आग्रह आढळतो: करुणा दुःखी माणसापुरती असते, मैत्री सर्व जीवमात्रापर्यंत जाते. याला शिक्षणातला धागा जोडावयाचा तर आंबेडकरांचे कोलंबिया विद्यापीठातील गुरू जॉन ड्यूई हे हल हाउसचे विश्वस्त होते, आणि लोकशाही म्हणजे अनुभवांची परस्पर देवघेव करत एकत्र जगण्याची रीत, ही त्यांची धारणा अशा घरांच्या सहवासात पक्की झाली, हे आठवावे. तरीही मैत्रीने आरंभ करण्याची घाई विद्यापीठाने करू नये. ऋणको धनकोला ‘आपण मित्र आहोत’ असे सांगू लागला, तर ऐकणाऱ्याला संशय आलाच पाहिजे. हिशेब आधी, मैत्री मागून, हा क्रम व्यवहारात रूक्ष दिसला तरी दुर्बल पक्षाचे रक्षण त्यातच आहे.

हिशेब पुरा होण्याची एक वाट टाटा संस्थेच्या इतिहासातच दिसते. १९८४ साली तिने मुंबई पोलिसांच्या सहकार्याने स्त्रिया आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला, ज्यात हिंसाचाराने गांजलेल्या स्त्रीला पोलीस यंत्रणेच्या आतच प्रशिक्षित समाजकार्यकर्ती भेटावी अशी योजना होती. दोन दशकांनी, २००५ च्या सुमारास, महाराष्ट्र शासनाने तो आपलासा केला. १९९६ साली याच संस्थेच्या जेरू बिलिमोरिया यांच्या पुढाकाराने चाइल्डलाइन ही मुलांसाठीची दूरध्वनी सेवा मुंबईत उभी राहिली, तिचा १०९८ हा क्रमांक देशभर पोचला, आणि २०२३ पासून तिचे चालन शासनयंत्रणेकडे जाऊ लागले. विद्यापीठाने सुरू केलेले काम शासनाचे कर्तव्य बनते, तेव्हा वस्तीतल्या माणसाला ते कोणाच्या मर्जीवर मागावे लागत नाही. हक्काची जी कल्पना शिवाजीनगरच्या घरांत धर्माने आधीच रुजविली आहे, तिला अशा वेळी कायद्याचे रूप मिळते. मात्र किती उपक्रम या टोकापर्यंत पोचतात? अनुदान संपते, संस्थेचे लक्ष दुसऱ्या विषयाकडे वळते, शासन अजून आलेले नसते, आणि मधल्या एक-दोन वर्षांत बालवाडीची खोली पुन्हा मंडळाच्या कॅरमला दिली जाते. प्रौढ धनको अशा वेळी निदान शिव्या तरी देऊ शकतो. चार वर्षांच्या मुलाच्या वतीने त्या मधल्या काळाचा जाब कोणी, कोणाला आणि कोणत्या दारी विचारावयाचा, हा रकाना विद्यापीठ आणि वस्ती यांच्या सामंजस्य कराराच्या नेहमीच्या नमुन्यात नसतो.